भेगाबाईची शंभर चित्रं

माझी वहिनी भेगा मोजते. हे तिचं काम आहे, पगारी काम. कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग स्वतःच्या टाचांकडे बघतात. टाचांच्या नाहीत हो, खडकाच्या. जमिनीखाली खूप खोल खडक तापलेला असतो आणि त्याला भेगा असतात. त्या भेगांतून पाणी फिरलं की तेही तापतं. ते वर आणायचं आणि त्याच्या वाफेवर वीज करायची, असा तिच्या कंपनीचा धंदा. आता एवढ्या खोल डोकावणार कोण? म्हणून वहिनी संगणकावर त्या भेगांचं जाळं मांडते आणि सांगते, इथे खणा, इतकं खणा. आणि खणतो कोण, तर माझा सख्खा भाऊ. दादा त्याच कंपनीत ड्रिलर आहे. बायको सांगेल तिथे खड्डा खणायचा हे सगळेच नवरे करतात, आमच्या दादाला त्याचा पगार मिळतो, असं मी चारचौघांत म्हणते आणि दादा दर वेळी न चुकता चिडतो.

मी दादाची धाकटी बहीण. शाळेची व्हॅन चालवते. तोंडाची तिखट आहे म्हणतात. दादा तर मला लहानपणापासून मिरचीच म्हणतो. वरच्या मजल्यावर ती दोघं राहतात आणि खालच्या दोन खोल्यांत मी. चहा मात्र सगळ्यांचा वर, कारण माझ्याकडे साखर कधीच नसते.

साइटवरची माणसं वहिनीला समोर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे भेगाबाई. तिला ते माहीत आहे, आणि आवडतंही. आमच्या घरी ती पहिल्यांदा आली तेव्हा बाबा होते. त्यांनी मोठ्या कौतुकाने घर दाखवायला घेतलं. घर त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलं होतं. ही प्रत्येक खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी! जिन्याजवळच्या भिंतीवरून बोट फिरवून म्हणाली, "ही वरवरची आहे, नुसतं प्लास्टर. पण खिडकीखालची आत गेलीय." बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ती गेल्यावर म्हणाले, "ही मुलगी सून म्हणून येतेय की घर पाडायला?" पुढे त्यांनी गुपचूप गवंडी बोलावला, खिडकीखाली भिंत फोडून बघितली, आणि भेग आतपर्यंत गेलेलीच होती. त्यांनी ती बुजवून घेतली. वहिनीला मात्र शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

तिचा दुसरा गुण, माझ्या मते अवगुण, म्हणजे ती कधी 'नक्की' म्हणत नाही. बटाटे शिजले का विचारलं तर तीनदा टोचून बघणार आणि म्हणणार, "बहुधा." दाराला कुलूप लावलंस का? "बहुधा." मी वैतागून विचारायचे, "अगं, लग्नाला तू हो म्हणाली होतीस की बहुधा म्हणाली होतीस?" यावर दादा म्हणायचा, "ते मला अजून कळलेलं नाही." मग ती हसायची. ओठ मिटून, आतल्या आत. वहिनीला खळखळून हसताना मी पाहिलेलं नव्हतं, आणि रडताना तर नाहीच.

आता तिचं काम नीट सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एकदा जेवणाच्या टेबलावर तिने काड्यापेटी उपडी करून मला ते समजावलं होतं. आधी एक भोक पाडतात. त्यातून दगडाचे लांब दांडे वर येतात. त्या दांड्यांवरच्या भेगा ही मोजते. त्या कुठे कललेल्या आहेत, किती लांब, किती दाट. पण भोक ते केवढं! बाजूच्या एवढ्या मोठ्या खडकात काय आहे ते त्यातून थोडंच दिसणार? मग ती संगणकाला भेगांच्या या सवयी सांगते आणि संगणक तशाच भेगा त्या खडकात फेकतो. तिने टेबलावर काड्या फेकल्या. "ही एक फेक. हे एक चित्र. एका चित्रावर विश्वास ठेवायचा नाही. शंभर वेळा फेकायचं. शंभरपैकी ऐंशी चित्रांत मोठी भेग साधारण एकाच खोलीवर आली, तर ती बहुधा तिथे आहे."

"आणि तिथे नसली तर?" मी विचारलं होतं.

उत्तर दादाने दिलं. मोठ्या भेगेत वाफ कोंडलेली असते. तिथे पोचायच्या आधी भोकात पोलादी नळी उतरवायची, तिच्याभोवती सिमेंट भरायचं, वर झडप बसवायची, आणि मगच पुढे खणायचं. मग वाफ नळीतून येते आणि झडप फिरवली की थांबते. नळी नसताना भेगेत शिरलं तर वाफ भोकाच्या बाजूने वरची भुसभुशीत जमीन फोडून निघते. "आणि रिगवर जो उभा असेल..." असं म्हणून दादाने काड्या गोळा करून पेटीत भरल्या. रिगवर, म्हणजे खणायच्या यंत्राच्या मचाणावर, तो स्वतःच उभा असतो.

पहिल्या विहिरीला वहिनीने सांगितल्याच्या जवळपास भेग लागली. वाफ नळीतून शिस्तीत वर आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरी विहीर ठरली. वहिनीने कित्येक महिने त्यावर काढले. एका संध्याकाळी ती घरी आली, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "शंभरपैकी शंभर. मोठी भेग प्रत्येक चित्रात एकाच खोलीवर आहे. खूप खाली. नळी सावकाश बसवली तरी चालेल." आणि थोडं थांबून म्हणाली, "नक्की."

मी आणि दादा एकमेकांकडे बघतच राहिलो. वहिनी आणि नक्की! दादाने उठून तिला तिथेच मिठी मारली. साइटच्या साहेबांनी त्या शंभरातलं एक चित्र मोठं छापून घेऊन ऑफिसच्या भिंतीवर लावलं.

ते शंभरपैकी शंभर ऐकून तेव्हाच कुणाला तरी शंका यायला हवी होती, असं आता सगळे म्हणतात. आता म्हणायला काय जातं?

त्या दिवशी मी सकाळची फेरी संपवून चहाला वर गेले. वहिनी घरूनच काम करत होती. कंपनीत मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांना दाखवायला तिला त्या शंभर चित्रांची एक छोटी फिल्म करायची होती, एकामागून एक चित्र भराभर सरकणारी. तिने लॅपटॉप टेबलावर माझ्याकडे वळवला. "बघ, पाहुण्यांच्या आधी तुला दाखवते." बारीक निळ्या रेघा पडद्यावर लुकलुकायला लागल्या. इथे उगवायच्या, तिथे मावळायच्या. त्यांच्यामध्ये लाल जाड रेघा होत्या, त्या मोठ्या भेगा. त्या हलत नव्हत्या. खिळ्याने ठोकल्यासारख्या जागच्या जागी होत्या.

मला ते छानच वाटलं. मी चहात साखर घालत होते. वहिनीने फिल्म पुन्हा लावली. पुन्हा लावली. मग थांबवली, आणि एकेक चित्र हाताने पुढे सरकवत बसली. मी तिच्याकडे बघितलं आणि चमचा माझ्या हातातच राहिला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं गं?"

"त्या हलायला हव्यात," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"थोड्या तरी. प्रत्येक फेक वेगळी असते, तर मोठ्या भेगाही थोड्या वेगळ्या पडायला हव्यात. केसाइतकाही फरक नाहीये." ती भराभर काहीतरी उघडत होती, नुसत्या ओळीच ओळी. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. बराच वेळ ती त्या ओळीकडे बघत राहिली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तिला कळलंही नाही. वहिनीला असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी घाबरले.

"तुझा दादा आत्ता कुठे आहे?" तिने विचारलं.

"रिगवर. दुसरं कुठे असणार?"

"नळी बसवलेली नाहीये," ती म्हणाली, आणि फोन घेतला.

साइटवर फोन नेऊ देत नाहीत, गेटवरच ठेवून घेतात, त्यामुळे दादाला फोन लागणार नव्हता. तिने साहेबांना लावला. ते हसताहेत हे मला इथून ऐकू येत होतं. "मॅडम, शंभरपैकी शंभर तुम्हीच सांगितलंत ना? आता उगाच शंका काढू नका. पाहुणे येऊन जाऊ देत, मग निवांत बसू." वहिनीने फोन ठेवला. चप्पल घातली, तीही माझी.

आम्ही शाळेच्या व्हॅनमधून निघालो. दुपारची मुलं सोडायला मी दुसऱ्या व्हॅनवालीला सांगितलं. ती कटकट करत होती, मी फोन कट केला. रस्त्यात वहिनीने मला सगळं सांगितलं, एका दमात, समोरच्या काचेकडे बघत. फेक सुरू करायला संगणकाला एक सुरुवातीचा आकडा द्यावा लागतो. कुठलाही चालतो. तोच आकडा दिला की तीच फेक पडते, काडीन् काडी तिथेच. तपासणी करताना मुद्दाम एकच आकडा ठेवतात. पण शंभर चित्रं करताना दर वेळी नवा द्यायचा असतो. लहान भेगांना नवा आकडा जात होता, म्हणून चित्रं वेगवेगळी दिसत होती. मोठ्या भेगांना मात्र दर वेळी एकच आकडा गेला.

"म्हणजे शंभर नाहीत?"

"एक आहे. एकच. शंभर वेळा छापलेलं."

मी गाडी जवळजवळ दुभाजकावर घातली. मागे कुणाची तरी पाण्याची बाटली गडगडत या टोकाकडून त्या टोकाला गेली. एका फेकीवर विश्वास ठेवायचा नाही, हे तिने मला काड्या टाकून शिकवलं होतं. आणि त्या एका फेकीवर दादा उभा होता!

गेटवर पहारेकऱ्याने मला अडवलं. मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याने दोन हेल्मेटं दिली. आत सगळीकडे घरघर, पायाखालची जमीनसुद्धा घरघरत होती. लांब पाईप ओळीने रचून ठेवलेले, आणि भोकातून वर येणारा चिखल एका हलत्या चाळणीवरून वाहत होता. वहिनी आधी त्या चाळणीपाशी गेली, त्यातले दगडाचे कण चिमटीत धरून बघितले आणि टाकून दिले. मग ती मचाणाखाली उभी राहून वर हात हलवायला लागली. दादाने बघितलं. सोबत्याच्या हातात काम देऊन तो लोखंडी जिन्याने खाली आला. साहेबही ऑफिसातून बाहेर आले. घरघरीपासून थोडं दूर, रचलेल्या पाईपांच्या आडोशाला आम्ही चौघं उभे राहिलो.

तिने सांगितलं. तेच, एका दमात.

साहेब म्हणाले, "मॅडम, आकडा एकच राहिला तर राहिला. म्हणून चित्र चुकलंय असं कुठे होतंय?"

"चुकलंय असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही असं म्हणतेय. मोठी भेग कुठेही असेल. आत्ता खणताय त्याच्या लगेच खाली असेल."

"पण तुम्ही तर..."

"मी चुकीचं सांगितलं होतं."

मला वाटलं, दादा आता धावत वर जाईल. तो जागचा हलला नाही. त्याने हेल्मेट मागे सारलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तू दमलीयस. कित्येक दिवस झोप नाही तुला. घरी जा, पड जरा."

"अरे, तू ऐकतोयस का?"

"ऐकतोय. पण अशी चूक तू करत नाहीस. बाकी कुणीही करेल, तू नाही. बटाटे तीनदा टोचून बघणारी बाई तू, एक आकडा बदलायला विसरशील?"

माणसाचा आपल्या बायकोवर इतका विश्वास, की ती समोर उभी राहून ओरडून सांगतेय तरी तिच्यावर विश्वास नाही! मला दादाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. त्या मऊ आवाजाचा तर मला फारच राग आला.

"विसरले नाही मी," वहिनी म्हणाली.

"मग?"

ती त्या हलत्या चाळणीकडे बघायला लागली.

"कुठला आकडा होता?" साहेबांनी विचारलं. त्यांनी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"एक तारीख."

"कुठली तारीख?" दादाने विचारलं.

वहिनीने दिवस सांगितला, महिना सांगितला, वर्ष सांगितलं. साहेबांना त्यातून काहीच कळलं नाही, ते नुसते बघत राहिले. दादा मागे सरकला आणि पाईपांच्या ढिगावर मटकन बसला. ती तारीख मलाही पाठ होती.

हे मी आधी सांगितलं नाही, कारण आमच्या घरात ते कुणी बोलत नाही. त्या दोघांना एक मुलगी झाली होती. सकाळी झाली आणि संध्याकाळपर्यंत होती. वहिनी तेव्हा इतकी आजारी होती, की तिने तिला नीट पाहिलंही नसेल. घरी आल्यावर काही दिवसांतच ती कामावर गेली. रडली नाही, एक शब्द बोलली नाही. येणारे-जाणारे म्हणाले, दगडात काम करून बाई दगडाची झालीय. दादाने त्यांना उंबऱ्यातूनच परत पाठवलं. पण तोही तिच्यासमोर तो विषय कधी काढत नसे. ती विसरली असेल तर विसरू दे, असं त्याला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं.

"सुरुवातीचा आकडा कुठलाही चालतो," वहिनी म्हणाली. ती दादाशी बोलत होती, आम्ही दोघं तिथे नव्हतोच जणू. "कुणी गाडीचा नंबर टाकतं, कुणी एक-दोन-तीन-चार. मी ती तारीख टाकली. रोज सकाळी काम सुरू करताना ती ओळ दिसायची. तेवढंच. मग शंभर चित्रं करायची वेळ आली. लहान भेगांची ओळ बदलली. हिच्यापाशी आले आणि म्हटलं, ही नंतर. ते नंतर राहूनच गेलं."

साहेबांनी हेल्मेट काढलं आणि पुन्हा घातलं. मला दोघांचा इतका राग आला, इतका राग आला, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एका घरात राहायचं, एका ताटात जेवायचं, आणि ही रोज सकाळी तारीख लिहितेय ते त्याला ठाऊक नाही!

दादा उठला. साहेब म्हणाले, "हे बघा, रिग थांबवायची तर वर विचारावं लागेल, मला एकट्याला..." दादाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तो लोखंडी जिना चढून वर गेला. आधी बिट, म्हणजे खणणारं पोलादी टोक, वर उचलल्याचा आवाज आला, मग ती घरघर उतरत उतरत बंद झाली. पायाखालची जमीन गप्प झाली. माणसं हातातली कामं टाकून वर बघत होती.

खाली येऊन तो साहेबांना म्हणाला, "आहे त्या खोलीवर नळी बसवायची. सिमेंट पक्कं झाल्याशिवाय मी एक बोटभरही पुढे जाणार नाही. दुसरा ड्रिलर आणायचा तर आणा." वहिनीच्या पायांतल्या माझ्या चपलांकडे बघितलं आणि परत वर गेला.

परत येताना व्हॅनमध्ये वहिनी म्हणाली, "तुझी मुलं खोळंबली असतील गं."

"मरू दे," मी म्हणाले, आणि मग जीभ चावली.

पुढचे दिवस वाईट गेले. वहिनीने कंपनीला सगळं स्वतःच कळवलं, आपली चूक पहिल्या ओळीत. तिला घरी बसायला सांगितलं. साहेबांनी भिंतीवरचं चित्र उतरवलं नाही. त्यांचं म्हणणं, चित्र बरोबरच निघणार आणि एवढा खोळंबा फुकट गेला असं सगळ्यांना कळणार. मचाणावरच्या माणसांतही कुजबुज होती: बायकोच्या वेडापायी ड्रिलरने रिग थांबवली. दादा कामावर जायचा, यायचा, जेवायचा, झोपायचा. दोघं एकमेकांशी पाणी दे, दिवा घालव एवढंच बोलायची. मी मध्ये उगाच बडबड करायचे, आणि माझी बडबड मलाच नकोशी व्हायची.

नळी बसली, सिमेंट पक्कं झालं, आणि एका सकाळी त्यांनी पुन्हा खणायला सुरुवात केली.

दुपारी मी आणि वहिनी स्वयंपाकघरात होतो. जिन्यावर पावलं वाजली. दादा आत आला, तो चिखलाचे बूट घालूनच. असं तो कधी करत नाही. खुर्चीवर बसला. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून ठेवले.

"लागली," तो म्हणाला.

वहिनीच्या हातातली सुरी थांबली.

"खणायला लागून थोडाच वेळ झाला होता. एकदम बिट खालीच गेलं, धाडकन, पायरी चुकल्यासारखं. चिखल सगळा खाली, वर थेंब येईना. मग खालून असा आवाज आला..." त्याने तोंड उघडलं, पण आवाज काही करून दाखवता आला नाही. "झडप बंद केली. नळी धरून राहिली. सगळे आहेत. सगळे ठीक आहेत."

"किती खाली?" वहिनीने विचारलं.

"थांबलो होतो तिथून आपल्या घराच्या उंचीइतकं. तेवढंसुद्धा नाही." त्याने तिच्याकडे बघितलं. "त्या दिवशी तू आलीस ना, तेव्हा त्याच पाळीत आम्ही तिथे पोचलो असतो. नळीशिवाय."

मी ओट्याला धरून उभी होते. एक घराची उंची! मी रोज दहादा जिना चढते-उतरते, तेवढं अंतर. मला दादाला हात लावून बघावंसं वाटलं, तो खरंच तिथे बसलाय का ते. मी लावलाही. त्याने माझा हात झटकला नाही.

वहिनी म्हणाली, "भेग तिथे आहे हे मला माहीत नव्हतं. मला माहीत नाही, एवढंच मी सांगितलं होतं."

"हो," दादा म्हणाला.

चिखल बुटांवरून फरशीवर ओघळत होता. मग दादाने विचारलं, "आता तिथे काय लिहितेस? त्या ओळीत?"

"आता दर वेळी नवा आकडा. तो मशीनच ठरवतं. मी काही लिहीत नाही." तिने सुरी खाली ठेवली. "ती ओळ पुसली मी. घरी बसायला सांगितलं त्याच दिवशी. पुसली आणि मला वाटलं, आता तिचं काहीच राहिलं नाही. माझ्याकडे तारखेशिवाय काय होतं तिचं?"

आणि वहिनी रडायला लागली. मी तिला पहिल्यांदा रडताना पाहत होते. हुंदके नव्हते, तोंड झाकलेलं नव्हतं, नुसती उभी होती आणि डोळे वाहत होते. मी गॅस बंद केला.

दादा म्हणाला, "नाव आहे तिचं."

वहिनीने वर बघितलं.

"त्या दिवशी दवाखान्यात विचारलं होतं. तू शुद्धीवर नव्हतीस. मुलीचं नाव काय लावायचं, म्हणाले. लावू नका असं मला म्हणवेना. मी सांगितलं एक नाव. संध्याकाळपर्यंत तिला त्याच नावाने हाक मारत बसलो होतो. मग तू घरी आलीस, काही बोलली नाहीस, आणि मला वाटलं, आता कशाला तुला..."

वहिनी त्याच्याकडे बघत होती. इतकी वर्षं तिच्याकडे तारीख होती आणि याच्याकडे नाव, आणि दोघं एकाच टेबलावर रोज चहा पीत होती! मी तिथून निघून जायला हवं होतं, पण गेले नाही.

"काय नाव?" वहिनीने विचारलं.

दादाने सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. ते त्या दोघांचं आहे, आणि मी ऐकलं तेही चुकून.

वहिनी त्याच्यासमोर, चिखलाच्या त्या फरशीवरच बसली. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पुन्हा सांग."

त्याने पुन्हा सांगितलं.